बोटॉक्स, डिस्पोर्ट, झिओमिन: खान्देशातल्या क्लिनिकात पैसे मोजण्याआधी

जळगावात, धुळ्यात किंवा भुसावळला सुरकुत्यांच्या इंजेक्शनची फोनवर चौकशी केली की बहुतेक वेळा एका वाक्यात उत्तर मिळतं: "हो, बोटॉक्स करतो आम्ही, कपाळाचे इतके, डोळ्यांचे इतके." यात तीन गोष्टी राहून जातात. बाटलीवर नाव कोणतं आहे, त्यातली किती युनिटं (औषधाच्या ताकदीचं माप) टोचणार, आणि ती बाटली मे महिन्याच्या उन्हातून इथवर कशी आली. या तिघांची उत्तरं न घेता पैसे भरू नयेत.

आमचं मत आधीच सांगतो. नावाजलेल्या औषधांमध्ये चेहऱ्यावर दिसणारा फरक थोडा असतो. साठवण कशी झाली, बाटलीतल्या पावडरीत सलाईन किती मिसळलं आणि सुई कोणाच्या हातात आहे, यातला फरक मात्र मोठा. आपल्याकडे त्यातही साठवण पहिली.

ही सगळी औषधं म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूपासून मिळवलेलं विष, अत्यंत कमी मात्रेत. नसेच्या (मज्जातंतूच्या) टोकाकडून स्नायूला आकुंचनाचा निरोप असिटिलकोलीन नावाचं रसायन पोहोचवतं. ते बाहेर सोडायला लागणारं एक प्रथिन हे औषध तोडून टाकतं. स्नायू सैल पडतो, वरची कातडी घडी घालणं थांबवते. परिणाम दोन-तीन दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो, कारण नस तोवर पुन्हा कामाला लागते. यावरून एक गोष्ट उघड आहे: हसताना, कपाळाला आठ्या घालताना पडणाऱ्या रेषांवर हे चालतं. वर्षानुवर्षं उन्हात डोळे बारीक करून शेतात राबलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर, चेहरा शांत असतानाही दिसणारी खोल रेघ असते. ती फिकी होईल, पुसली जाणार नाही. कोणी "पूर्ण जाईल" म्हणत असेल तर तो विकतोय, सांगत नाही. गालाचा खड्डा भरायला फिलर लागतो. ते वेगळं औषध, वेगळी जोखीम.

बोटॉक्स हे सगळ्यात जुनं नाव. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी हे औषध विकसित केलं. अमेरिकेत डिसेंबर १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी त्याला मान्यता मिळाली. सुरकुत्या त्यानंतर बऱ्याच उशिरा आल्या: भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मान्यता २००२ ची, डोळ्यांच्या कडेच्या रेषांसाठी २०१३ ची, कपाळासाठी २०१७ ची. म्हणजे हे मुळात आजारावरचं औषध आहे, सौंदर्य नंतर जोडलं गेलं. लेबलवरचे, म्हणजे औषधाच्या मान्यताप्राप्त माहितीपत्रकातले, डोस पाठ असलेले बरे: भुवयांमध्ये पाच जागी चार-चार, एकूण २० युनिट, डोळ्यांच्या कडांना प्रत्येक बाजूला १२, म्हणजे २४, कपाळावर २०, पण ती भुवयांमधल्या २० सोबतच. तिन्ही भाग मिळून ६४. प्रत्यक्षात डॉक्टर स्नायूची ताकद बघून कमी-जास्त करतात; पुरुषांच्या भुवयांचे स्नायू जाड असतात, तिथे २० अनेकदा अपुरे पडतात. बोटॉक्सच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डॉक्टरांच्या हातात बसलेला हिशोब. पहिल्यांदाच करून घेणाऱ्याने, निवड असेल तर, यापासूनच सुरुवात करावी असं आम्हाला वाटतं.

डिस्पोर्टबाबत सगळ्यात जास्त गोंधळ युनिटांचा होतो. याच भुवयांमधल्या आठ्यांना डिस्पोर्टची ५० युनिटं लागतात, पाच जागी दहा-दहा. बोटॉक्सच्या २० चं काम इथे ५० करतात. प्रत्येक कंपनी आपलं युनिट आपल्या पद्धतीने मोजते, त्यामुळे एकाचं युनिट दुसऱ्याला लावता येत नाही. व्यवहारात एकास अडीच ते तीन असा अंदाज धरतात, पण तो अंदाजच. आता कोणी सांगितलं, "अमक्या क्लिनिकमध्ये युनिट १२० रुपयांना, तुमच्याकडे ३०० का?" तर गणित करून बघा: २० गुणिले ३०० म्हणजे ६,०००, आणि ५० गुणिले १२० म्हणजेही ६,०००. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत. तुमच्या गावचा दर टाकून हेच करा. धोका याच्या उलट बाजूला आहे. बोटॉक्सच्या दराने डिस्पोर्टची २० युनिटं टोचली तर आठ्या लवकर परत दिसतात आणि दोष औषधाला लागतो.

डिस्पोर्टचा परिणाम काहींना थोडा लवकर जाणवतो. ते जास्त पसरतं असंही म्हणतात. त्यात पातळपणाचा आणि डोसचा वाटा मोठा आहे. मोठ्या, सपाट कपाळावर थोडं पसरणं चालतं. डोळ्याजवळ ते नको असतं. आणखी एक: यात लॅक्टोज असतं आणि गायीच्या दुधातल्या प्रथिनाचा अंश असू शकतो. त्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तर डिस्पोर्ट घेऊच नये. दूध प्यायल्यावर पोट फुगतं ती तक्रार वेगळी, तिला ॲलर्जी म्हणत नाहीत. पण डॉक्टरांना दोन्ही सांगा.

झिओमिनमध्ये विषाभोवतीची जोडप्रथिनं काढून टाकलेली असतात. शरीराने औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली तर पुढची इंजेक्शनं लागू पडत नाहीत. बाहेरची प्रथिनं कमी म्हणजे ती शक्यता कमी, असा यामागचा विचार. सुरकुत्यांच्या छोट्या डोसला ही भीती मुळातच थोडी आहे. पण अर्धांगवायूनंतरच्या ताठरपणासाठी दर तीन महिन्यांनी शेकडो युनिटं घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हा मुद्दा खरा. सुरकुत्यांसाठीचा डोस बोटॉक्ससारखाच, भुवयांमध्ये २० युनिट. मिसळताना एक काळजी: पावडर बाटलीच्या गळ्याला आणि बुचाच्या आतल्या बाजूलाही चिकटलेली असते. बाटली नुसती गोल फिरवली तर तेवढं औषध वरच राहतं. उलटीसुलटी करून सगळं धुऊन घ्यावं लागतं. "झिओमिन कमी चालतं" या तक्रारींपैकी काहींचं मूळ इथे असू शकतं.

झिओमिनची न उघडलेली बाटली खोलीच्या तापमानाला चालते, हे विक्रेते मोठ्या आवाजात सांगतात. पुढचा भाग मात्र नीट ऐका. लेबलवर खोलीचं तापमान म्हणजे २० ते २५ अंश. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पंख्याखालची खोलीसुद्धा २५ ला रात्रीही येत नाही. इथे खोलीचं तापमान ही सवलत डिसेंबर-जानेवारीपुरती समजावी. उन्हाळ्यात झिओमिनही फ्रिजमध्येच. बोटॉक्स आणि डिस्पोर्टला तर २ ते ८ अंशांशिवाय पर्यायच नाही.

बाकीची नावं थोडक्यात. कोरियातली नाबोटा अमेरिकेत २०१९ मध्ये ज्युव्हो या नावाने मान्य झाली, बोट्युलॅक्स २०२४ मध्ये लेटिबो या नावाने. दोन्हींचा भुवयांमधला डोस २० युनिट, आणि ही मान्यता फक्त सौंदर्यासाठीची. औषधं वाईट नाहीत, मात्र कोरियन म्हणून जे काही विकलं जातं ते सगळं यांच्या तोलाचं आहे असं धरू नका. डॅक्सिफाय २०२२ मध्ये आलं, डोस ४० युनिट, परिणाम चाचण्यांत बोटॉक्सपेक्षा लांब, साधारण सहा महिन्यांच्या आसपास टिकला. पहिल्याच वेळी इतकं लांब टिकणारं घेऊ नये. बिघडलेलंही तसंच रेंगाळू शकतं. बोटॉक्स, डिस्पोर्ट, झिओमिन या तिघांतही मानवी रक्तातून मिळवलेलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं, डॅक्सिफायमध्ये नसतं. ज्यांना हे धर्माच्या किंवा तत्त्वाच्या दृष्टीने महत्त्वाचं वाटतं त्यांनी आधी विचारावं, डॉक्टरांनीही आपणहून सांगावं.

आता बाटली उघडण्याचा प्रसंग, कारण सगळा खेळ इथे आहे. बोटॉक्सच्या १०० युनिटांच्या बाटलीत बघितलं तर तळाशी जेमतेम एक पांढुरका थर दिसतो, बाटली रिकामीच वाटते. ती रिकामी नसते. आत निर्वात असतो. सलाईनची सुई बुचातून आत गेली की सलाईन आपोआप ओढलं गेलं पाहिजे. ओढलं गेलं नाही तर निर्वात गेलेला आहे, ती बाटली वापरायची नाही. सलाईन ०.९ टक्क्यांचं, लेबलप्रमाणे जंतुरोधक न घातलेलं. २.५ मिली घातलं की ०.१ मिलीमध्ये ४ युनिटं येतात. डिस्पोर्टच्या ३०० च्या बाटलीत २.५ मिली घातलं तर १० युनिटांना ०.०८ मिली, १.५ मिली घातलं तर ०.०५ मिली. मग हळू फिरवायचं, खळखळ हलवायचं नाही, फेस येऊ द्यायचा नाही.

टोचायला बहुतेक ठिकाणी इन्सुलिनची बारीक सिरिंज वापरतात आणि इथेच रुग्णाची, कधी कधी नर्सचीही, फसगत होते. सिरिंजवर छापलेलं युनिट हे इन्सुलिनचं आहे, मिलीला १००. २.५ मिलीच्या मिश्रणात सिरिंजवरचे १० म्हणजे बोटॉक्सची ४ युनिटं. "तुम्हाला ५० युनिटं दिली" असं सिरिंज दाखवून कोणी म्हणालं तर प्रत्यक्षात २० गेलेली असू शकतात. म्हणून विचारायचे प्रश्न दोन: बाटली किती युनिटांची, आणि किती मिली घातलं? बाकी भागाकार कुणालाही जमतो. जास्त सलाईन घालणं म्हणजे आपोआप फसवणूक नव्हे. कपाळावर पसरवण्यासाठी डॉक्टर मुद्दाम पातळ करतात. युनिटं मोजून दिली की झालं. फसवणूक होते ती युनिटं न सांगता "भागाप्रमाणे" पैसे घेतले आणि बाटली जास्त जणांत पुरवली तेव्हा.

मिसळल्यावर बोटॉक्स २४ तासांत, फ्रिजमध्ये ठेवून, वापरावं असं लेबल सांगतं. अनेक डॉक्टर ते जास्त दिवस वापरतात आणि एकच बाटली आठवडाभर चालवतात. लहान गावात रोज पेशंट नसतात, त्यामुळे ही ओढ समजू शकते. त्यावर चांगला उपाय म्हणजे काही क्लिनिकं महिन्यातला एक दिवस ठरवून सगळे पेशंट त्याच दिवशी बोलावतात. असं क्लिनिक सापडलं तर थोडं थांबावं लागलं तरी तिथे जा. बाटली ताजी, युनिटं पूर्ण आणि बऱ्याचदा दरही कमी.

साठवणीचं बोलू. बाटली मुंबई, पुणे किंवा नाशिकच्या वितरकाकडून थर्माकोलच्या डब्यात, जेल पॅकसोबत येते. डबा रात्रीच्या गाडीने आला आणि सकाळी आठला उघडला तर ठीक; तो दुपारी दोनला कुरिअरच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडून राहिला तर पॅक पाण्यासारखे होतात. तापलेल्या औषधाचा रंग बदलत नाही, वास येत नाही. ते विषारी होत नाही, कमजोर होतं. मग परिणाम अर्धवट येतो किंवा दीड महिन्यात उतरतो, आणि पेशंटला वाटतं आपल्याला बोटॉक्स लागू पडत नाही. एप्रिल ते जूनमध्ये माल मागवणाऱ्या क्लिनिकने पार्सल उघडताना डब्यातलं तापमान नोंदवलं पाहिजे. क्लिनिकच्या फ्रिजमध्ये किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर आहे का, वीज गेल्यावर फ्रिज इन्व्हर्टरवर चालतो का, हे विचारायला लाजू नका. औषधाच्या फ्रिजमध्ये चहाचं दूध आणि स्टाफचे डबे दिसले तर तो फ्रिज दिवसातून पन्नासदा उघडतोय असं समजा.

खोक्यावर काय बघायचं? बॅच नंबर, मुदत, एमआरपी, आणि परदेशी औषध असेल तर आयात परवान्याचा क्रमांक आणि भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता. हे नसेल तर उठून या. अमेरिकेतही २०२४ मध्ये नकली बोटॉक्समुळे लोक आजारी पडले आणि तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. टोचणारा माणूस महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेला डॉक्टर असावा, शक्यतो त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन. ब्यूटी पार्लरमध्ये हे इंजेक्शन घेऊच नये. पार्लरच्या पाटीवरचं "हेअर बोटॉक्स" ही वेगळी गोष्ट: त्यात हे औषध नसतं, केसांना लावायचं कंडिशनिंग असतं.

काय बिघडतं? सगळ्यात जास्त घाबरवणारं म्हणजे एक पापणी खाली येणं. भुवयांमध्ये टोचलेलं औषध खाली झिरपून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचतं. म्हणून भुवईच्या बाहेरच्या टोचणीची जागा डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या कडेपासून निदान एक सेंटिमीटर वर ठेवतात. पापणी पडली तर ती आपोआप उठते, काही आठवड्यांत. तोवर डॉक्टर ॲप्राक्लोनिडिनचे थेंब देतात, त्याने पापणी एक-दोन मिलिमीटर वर येते. दुसरा बिघाड कपाळाचा. भुवया उचलणारा स्नायू एकच, कपाळाचा. पन्नाशी-साठीत पापण्या जड झालेली माणसं नकळत कपाळ उचलूनच बघत असतात. त्यांचं कपाळ पूर्ण सैल केलं की भुवया डोळ्यांवर बसतात. अशांना कपाळावर कमी टोचावं किंवा टोचूच नये. चांगला डॉक्टर आधी डोळे मिटायला लावून, मग उघडायला लावून हे तपासतो. याच्या उलट, कपाळाच्या मध्येच टोचलं आणि कडा सोडल्या तर भुवयांची टोकं वर चढतात. तिथे एक-दोन युनिटांनी ते बसतं. डोळ्याच्या कडेला फार खाली टोचलं तर हसू वाकडं होतं.

गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असलेले, टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असलेले यांनी हे घेऊ नये. जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं सुरू असतील तर सांगा, त्यांनी परिणाम वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर काळंनिळं पडेल. ती स्वतःहून बंद करू नका.

लग्नसराईचा हिशोब: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास घरचं लग्न असेल तर इंजेक्शन चार आठवडे आधी. दोन आठवड्यांनी परिणाम बघून कमी-जास्त दुरुस्त करता येतं. हळदीच्या आदल्या दिवशी टोचून दुसऱ्या दिवशी चेहरा चोळून घेणं टाळा. टोचल्यावर चार तास आडवं पडू नका, दिवसभर चेहरा चोळू नका, उन्हातून जाताना कपाळावर स्कार्फ करकचून बांधू नका.

आजारावरचा वापर हा याहून महत्त्वाचा आणि खान्देशात कमी माहीत असलेला. मेंदूच्या पक्षाघातामुळे (सेरेब्रल पाल्सी) टाचा उचलून चालणारं मूल, अर्धांगवायूनंतर मूठ घट्ट मिटलेला हात, मान एका बाजूला ओढली जाणं, चेहऱ्याची अर्धी बाजू फडफडणं, दीर्घकालीन अर्धशिशी, गरजेपेक्षा जास्त आकसणारी लघवीची पिशवी, काखेचा अतोनात घाम: या सगळ्यांवर हेच औषध चालतं. डोस मात्र वेगळ्या मापाचा. अर्धशिशीला १५५ युनिटं, डोकं-मान-खांद्यांवर ३१ जागी, दर १२ आठवड्यांनी; आणि तेही महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतं त्यांनाच. काखेच्या घामाला प्रत्येक काखेत ५० युनिटं, १० ते १५ जागी. आयोडीन आणि स्टार्च लावून घामाचा भाग काळा-जांभळा दिसला की तिथेच टोचतात, आणि हा परिणाम साधारण सहा-सात महिने टिकतो. तळहातालाही चालतं, पण ते लेबलबाहेरचं, म्हणजे त्यासाठी मान्यता नसलेलं, टोचताना फार दुखतं आणि काही आठवडे पकड सैल होते. सोनाराने, शिवणकाम करणाऱ्याने हा विचार आधी करावा. ताठर हाताला बोटॉक्सची ४०० पर्यंत, डिस्पोर्टची १,००० पर्यंत युनिटं लागू शकतात. म्हणजे अख्ख्या बाटल्या. इथे एकाचा आकडा चुकून दुसऱ्याला लावला तर तो जिवाशी खेळ ठरतो, म्हणून फाइलवर औषधाचं नाव आणि युनिटं दोन्ही लिहून घ्याच.

मुलांच्या पायासाठी डोस वजनावर ठरतो आणि इंजेक्शननंतरचं काम खरं असतं: पोटरी सैल पडलेल्या त्या तीन महिन्यांत रोजचा व्यायाम, स्प्लिंट किंवा प्लास्टर. फिजिओथेरपीची सोय झाल्याशिवाय इंजेक्शनवर पैसे घालवू नका. अशा मोठ्या डोसासाठी न्यूरोलॉजिस्ट किंवा पुनर्वसनतज्ज्ञ, आणि स्नायू शोधायला सोनोग्राफी किंवा ईएमजी (स्नायूतली विजेची हालचाल टिपणारी तपासणी) असलेलं ठिकाण निवडा. धुळे-जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आधी विचारा, तिथे नसेल तर पुढची चिठ्ठी घ्या. सौंदर्यासाठीच्या इंजेक्शनवर जीएसटी लागतो आणि विमा मिळत नाही. आजाराच्या उपचाराला जीएसटी माफ आहे, म्हणून निदान बिलावर स्पष्ट लिहून घ्या.

इंजेक्शननंतर काही तासांत किंवा काही आठवड्यांतही गिळायला त्रास, आवाज बदलणं, एकाची दोन दिसणं, अंगभर अशक्तपणा किंवा धाप यांपैकी काहीही झालं तर क्लिनिकच्या फोनची वाट बघू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. सोबत खोक्याचा फोटो ठेवा, ज्यावर नाव आणि बॅच दिसतील, आणि टोचलेली युनिटं लिहिलेला कागदही.